भोक पाडायचं तर प्लेटला पाडा, विंगला नाही

चोपड्याच्या एका भावाने तीन प्रश्न विचारले आहेत. त्यांचा चौघांचा गट आहे. नदीत, विहिरीत कुणी बुडालं की हाकेला जातात. चौघांपैकी दोघांचं स्कुबाचं, म्हणजे हवेचा सिलिंडर पाठीला बांधून पाण्याखाली जायचं, प्रशिक्षण तारकर्लीला झालंय. गोव्याच्या एका बंद पडलेल्या दुकानातून त्यांना हार्नेससकट, म्हणजे अंगाला बांधायच्या पट्ट्यांसकट, एक जुनी स्टीलची बॅकप्लेट मिळाली, म्हणजे सिलिंडर पेलणारी पाठीवरची धातूची पाटी. दुसरी त्यांनी तिच्यावरून बेतून गावातच कापून घेतली. विंगही, म्हणजे पाण्यात तोल धरायला हवा भरायच्या पिशव्याही, दोन आहेत. एक नवी, एका सिलिंडरसाठीची, १४ किलो उचलणारी. दुसरी कुणीतरी दिलेली, २७ किलोची, घोड्याच्या नालेसारखी. गावात कापलेल्या प्लेटवर एकही विंग बसत नाही, भोकं जुळत नाहीत. जुने पट्टे आखूड पडतात आणि वाळल्या चामड्यासारखे कडक झालेत. ते विचारतात: विंगच्या कापडात नव्या रिंगा ठोकून भोकं जुळवून घेऊ का? मोठी विंग एका सिलिंडरला चालेल का? आणि पट्ट्यांना मोच्याकडून जोड देऊन घेतला तर?

तिन्ही प्रश्नांना माझं उत्तर नाही असंच आहे. पण तुमच्याकडचं बहुतेक सामान वाया जाणार नाही. नव्या पट्ट्यात आणि फॅब्रिकेशनवाल्याच्या एका दुपारच्या कामात एक संच धड उभा राहतो, दुसऱ्याला जरा जास्त खर्च येईल. मी जळगावला एमआयडीसीत स्टेनलेसचं काम करतो आणि पाण्याखाली जातो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगू शकतो.

आधी थर डोक्यात पक्के बसवा. पाठीला लागून प्लेट, प्लेटवर विंग, विंगवर ॲडॅप्टर, ॲडॅप्टरला सिलिंडर. ॲडॅप्टर म्हणजे एका सिलिंडरसाठीची ती अरुंद धातूची पन्हळ, जिच्यातून सिलिंडर आवळायचे दोन कॅम बँड जातात. ॲडॅप्टरचे दोन बोल्ट विंगच्या मधल्या भोकांतून, मग प्लेटच्या मधल्या भोकांतून आरपार येतात आणि प्लेटच्या खोलगट कण्यात, म्हणजे तुमच्या पाठीच्या बाजूला, नटाने आवळले जातात. विंग या दोघांमध्ये दाबून बसते. तिला स्वतःला काही धरायचं नसतं, फक्त हवा भरून घ्यायची असते. ही गोष्ट एकदा पटली की विंगला भोक का पाडू नये हे वेगळं सांगावं लागत नाही.

तरी सांगतो, कारण हा मोह फार जणांना होतो. काही विंगांमध्ये बाहेर जाड कापड आणि आत वेगळी पिशवी असते. काहींत ती वेगळी नसते, कापडच उष्णतेने जोडून हवाबंद केलेलं असतं. दुसऱ्या प्रकारात तुमचा पंच जोडाच्या आत गेला की विंग संपली, ती कुठल्याच डिंकाने भरवशाची होत नाही. पहिल्या प्रकारात मधला पट्टा नुसता कापडाचा वाटतो, पण आतल्या पिशवीची कड कुठे सरकून बसली आहे ते बाहेरून दिसत नाही. आणि समजा नेमकं कापडच फाडलंत, तरी नवी रिंग जुन्या रिंगेजवळ आली की दोघींमधलं कापड ओढ खाऊन चिरत जातं. प्लेटचं तसं नाही. ती तीन मिलिमीटरची पोलादी पाटी आहे, तिला आणखी एक भोक पडलं तर तिचं काही बिघडत नाही.

आता माप. जगभर बॅकप्लेटच्या कण्यावरच्या दोन भोकांच्या मध्यांत ११ इंच अंतर ठेवतात, म्हणजे २७९ मिलिमीटर. जुळ्या सिलिंडरांना धरणाऱ्या दोन पोलादी कड्यांच्या बोल्टांतलं हे अंतर, आणि विंगा त्यालाच धरून बनतात. तुमच्या गावातल्या प्लेटचं माप तुम्ही २५ सेंटिमीटर लिहिलंय. माझा अंदाज, कापणाऱ्याने कागदावरच्या आकृतीवरून सोयीचा आकडा धरला. तरी पुन्हा मोजा, आणि मध्यापासून मध्यापर्यंत मोजू नका, कारण भोकाचा मध्य डोळ्याने धरताना दोन-तीन मिलिमीटरची चूक होतेच. वरच्या भोकाच्या वरच्या कडेपासून खालच्या भोकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. दोन्ही भोकं सारख्या व्यासाची असतील तर हेच मध्यांतलं अंतर.

२५० आणि २७९ यांत २९ मिलिमीटरचा फरक आहे आणि तो तुमच्या पथ्यावर पडला. वरचं भोक तसंच ठेवा आणि जुन्या खालच्या भोकाच्या २९ मिलिमीटर खाली, कण्याच्या बरोब्बर मध्यरेषेवर, नवं भोक पाडा. दोन्हींमध्ये भरपूर धातू उरतो. फरक सहा मिलिमीटरचा असता तर नवं भोक जुन्यात मिसळून आठाच्या आकड्यासारखं झालं असतं. मग कानस मारून त्याची लांबट खाच करणं आणि वर रुंद वायसर टाकणं एवढंच हातात राहतं. चालतं, पण स्वच्छ भोकाची सर नाही.

स्टेनलेसला भोक पाडताना घाई केली की ते कडक होतं, मग ड्रिल नुसतं घासतं, निळं पडतं आणि बोथट होतं. पंचने खूण, आधी तीन मिलिमीटरचं भोक, मग पाच, मग साडेआठ. ड्रिल कोबाल्टचं, वेग कमी, दाब सतत, आणि तेल सोडत राहायचं. बोल्ट आठ मिलिमीटरचा, म्हणून भोक साडेआठ ते नऊ. त्याहून मोठं नको, नाहीतर प्लेट बोल्टवर डुलते.

बोल्टांचं एक लफडं सांगून ठेवतो. परदेशातून आलेल्या ॲडॅप्टरचे बोल्ट बऱ्याचदा ५/१६ इंचाचे असतात. तो बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा, आपला एम ८ आठाचा. हातात घेतले तर फरक कळत नाही. पण एम ८ च्या दोन आट्यांत १.२५ मिलिमीटर अंतर असतं आणि जाड आट्यांच्या ५/१६ मध्ये साधारण १.४१. एकाचा नट दुसऱ्यावर दोन फेरे जातो आणि अडकतो. अडकला की माणसाला वाटतं घट्ट बसला. खरं तर तो दोन आट्यांच्या टोकांवर लोंबकळतोय. नट हाताने शेवटपर्यंत फिरला नाही तर तो नट त्या बोल्टचा नाही. आवळल्यावर बोल्टची दोन-तीन आटी नटाबाहेर दिसायला हवीत. त्याहून लांब ठेवलात तर टोक मणक्यात टोचतं, कापून कानस मारा. बाजारात दोन कानांचे नट मिळतात, ते घ्या. पान्हा न्यायला विसरलात तरी काठावर हाताने खोलता-आवळता येतात.

गोव्याच्या प्लेटला कॅम बँडच्या आडव्या खाचा आहेत का ते पाहा. तुमच्या १४ किलोच्या विंगलाही तशा खाचा असतील तर ॲडॅप्टरशिवाय भागतं. बँड थेट प्लेटच्या आणि विंगच्या खाचांतून ओवायचे, सिलिंडर पाठीला जवळ येतो, वजनही कमी होतं. विंग सरकू नये म्हणून मधल्या भोकांत दोन चपट्या माथ्याचे छोटे स्क्रू टाकायचे. गावातल्या प्लेटला मात्र खाचा नाहीत, तिला ॲडॅप्टर लागणारच. ते फॅब्रिकेशनवाला करून देईल: दोन-अडीच मिलिमीटरच्या स्टेनलेसची ३३ सेंटिमीटर लांब पन्हळ, मध्ये २७९ वर दोन भोकं, दोन्ही बाजूंना बँडसाठी पन्नास मिलिमीटरच्या पट्ट्याला पुरतील अशा खाचा. सिलिंडरला टेकणाऱ्या कडांवर ट्रकच्या ट्यूबचं रबर चिकटवा, नाहीतर ओला सिलिंडर त्यावर गोल फिरतो.

आणि आता कडांबद्दल, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

काही वर्षांपूर्वी यावलच्या बाजूला केळीच्या मळ्यातल्या एका विहिरीत उतरलो होतो. पाठीला माझ्याच हाताने कापलेली प्लेट. तिचा बाहेरचा काठ मी आरशासारखा पॉलिश केला होता, पण पट्ट्याच्या खाचांच्या आतून बोट फिरवलं नव्हतं. लेझरने कापलेल्या खाचेच्या मागच्या बाजूला वितळलेल्या धातूची बारीक करवतीसारखी कड राहते. बाहेर आलो, हार्नेस उतरवला, तर डाव्या खांद्याचा पट्टा खाचेपाशी अर्ध्याहून जास्त कापलेला. केळीच्या सोपटातून धागे सुटावेत तसे पांढरे धागे मोकळे लोंबत होते. सात-आठ वेळा वापरलेला पट्टा होता तो. आणखी दोनदा उतरलो असतो तर खाली, काळ्या पाण्यात, एका खांद्याने सिलिंडर सुटला असता.

म्हणून प्लेट हातात आली की पहिलं काम हे: प्रत्येक खाचेत आधी अर्धगोल कानस, मग पोलिश पेपर, १२० पासून ४०० पर्यंत. दोन्ही बाजूंनी. मग जुन्या सुती धोतराचा किंवा बनियनचा तुकडा खाचेतून ओढा. एकही धागा अडकला तर काम झालेलं नाही. हाताने तपासू नका, बोटाला जे जाणवत नाही ते कापडाला जाणवतं. गोव्याच्या प्लेटच्याही खाचा तपासा, जुनी आहे म्हणून सुटका नाही, आपटून कड वर आलेली असते.

प्लेट कुठल्या स्टीलची हे बरेच जण विचारतात. गिरणा, हतनूरची धरणं आणि विहिरी एवढंच असेल तर ३०४ पुरतं. मालवणला, समुद्रात नेणार असाल तर ३१६ घ्या आणि तरीही गोड्या पाण्याने धुवा. चुंबक लावून पारख करू नका. ३०४ वाकवल्यावर वाकलेल्या जागी थोडं चुंबकाला ओढतंच, म्हणून ते खोटं ठरत नाही.

पट्ट्यांकडे येतो. पन्नास मिलिमीटर रुंद, ताठ विणीचा नायलॉनचा पट्टा हवा. बाजारात तोच रंग, तीच रुंदी असलेला पॉलिप्रॉपिलीनचा पट्टा स्वस्त मिळतो, बॅगांना लावतात तो. तो घसरतो, उन्हात लवकर कुजतो आणि बकलमध्ये धरत नाही. ओळखायची सोपी रीत: बोटभर तुकडा कापा, बादलीत पाण्याखाली धरून चांगला पिळा म्हणजे अडकलेली हवा निघेल, मग सोडा. नायलॉन आणि पॉलिस्टर पाण्याहून जड, ते बुडतात. पॉलिप्रॉपिलीन वर येतं. दुकानदार काहीही म्हणो, बादली खोटं बोलत नाही.

हार्नेस अखंड पट्ट्याचा करा, एका माणसाला साधारण पावणेचार मीटर. मधोमध खडूने खूण करून सुरुवात प्लेटच्या वरच्या खाचांपासून. दोन्ही टोकं खांद्यावरून पुढे येतात, काखेखालून प्लेटच्या खालच्या खाचांत शिरतात आणि कमरेचा पट्टा होऊन पुढे बकलला मिळतात. यात शिवण कुठेच नाही. फ्लोरिडातल्या गोड्या पाण्याच्या गुहांत पोहणाऱ्या मंडळींनी ही रीत रुळवली, त्यातल्या विल्यम होगार्थ मेन यांच्या नावाने ती ओळखली जाते. त्यांचा हिशेब साधा होता: जो भाग नाही तो तुटत नाही. आपल्या विहिरींना हा हिशेब तंतोतंत लागू पडतो.

मोच्याच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आलं. जोड नको म्हणूनच अखंड पट्टा. अमळनेरला ताडपत्री शिवणारे एक बाबा आहेत, मी सुरुवातीला त्यांच्याकडे जोड द्यायला गेलो होतो. त्यांनी माझा पट्टा ताणून पाहिला, दाभण खाली ठेवलं आणि म्हणाले, "भाऊ, हाऊ दोरा पानीमा टिकाव नही." सुती मेणाचा दोरा होता त्यांच्याकडे. खरं बोलले. सुती दोरा ओला-सुका होऊन कुजतो, आणि कुजलेला दिसत नाही. दोन पायांमधून येणाऱ्या पट्ट्याचा फास तेवढा शिवावा लागतो. तो जाड पॉलिस्टरच्या दोऱ्याने, चौकोन आणि त्यात फुली अशा टाक्यात शिवून घ्या. तेही टाळायचं असेल तर तीन खाचांच्या धातूच्या सरकपट्टीतून पट्टा उलटा ओवून फास करता येतो. मी आता तसंच करतो.

पट्ट्याची टोकं लायटरने जाळू नका, त्याने कडक गोळी होते आणि ती खाचेत अडते. जुना चाकू गॅसवर लाल करून तिरका काप द्या. पट्टा कापला जातो आणि कड तिथेच बंद होते. आणि अंगावर मापं बसेपर्यंत काहीही कापू नका. चौघांत दोन संच असतील तर सर्वांत आडव्या बांध्याच्या माणसावर माप घ्या, बारीक माणसाचा उरलेला पट्टा ट्यूबच्या रबरी रिंगेत दाबून टाकता येतो. लोंबतं टोक विहिरीत ठेवायचं नाही.

अंगावर बसवताना प्लेटची वरची कड मानेच्या मागच्या उंच हाडाच्या तीन बोटं खाली. खांद्याच्या पट्ट्याखाली सपाट पंजा आरामात सरकला पाहिजे. नवे लोक शाळेच्या दप्तरासारखा खांदा करकचून आवळतात, मग हात मागे सिलिंडरच्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचत नाही. ही चाचणी वेटसूट, म्हणजे बुडबुड्यांच्या रबराचा अंगाला चिकटणारा पोशाख, घालूनच करा. वजन खांद्याने नाही, कमरेने आणि पायांमधल्या पट्ट्याने धरायचं. खांद्याच्या डी-रिंगा, म्हणजे सामान अडकवायच्या कड्या, गळपट्टीच्या हाडाच्या जरा खाली, डाव्या कमरेवर एक. त्याहून जास्त रिंगा लावू नका. बकल उजव्या हाताने, डोळे मिटून, एका झटक्यात उघडता आलं पाहिजे. पोटावर डाव्या बाजूला दोरकाप्या. विहिरीत पोहऱ्याचे दोर, सबमर्सिबलची केबल, हतनूरच्या फुगवट्यात मासेमारीची जाळी, हे सगळं वाट पाहत असतं.

आता दुसरा प्रश्न, मोठ्या विंगचा. २७ किलोची नालेसारखी विंग जुळ्या सिलिंडरांसाठी आहे. दोन सिलिंडरांची रुंदी तिला सपाट ठेवते. एकाच सिलिंडरवर ती लावलीत की हवा भरताना दोन्ही पंख वर उठून सिलिंडरला मिठी मारतात, खापरावरच्या मांड्याची घडी घालावी तशी विंग दुमडते. घडीत अडकलेली हवा व्हॉल्व्हपर्यंत येत नाही. तुम्ही हवा सोडताय असं तुम्हाला वाटतं, आणि वर मात्र वेगाने जाता. नालेच्या आकारात आणखी एक अडचण आहे: खाली दोन्ही पंख जोडलेले नसतात, म्हणून एका बाजूची हवा दुसऱ्या बाजूला फक्त वरून जाऊ शकते. एका कुशीवर झुकलात की झुकलेलेच राहता. जास्त उचलणारी म्हणजे जास्त सुरक्षित, हा समज पूर्ण सोडून द्या. ती विंग जपून ठेवा, कधी जुळे सिलिंडर घेतलेत तर कामी येईल. गावातल्या प्लेटसाठी दुसरी छोटी विंग घ्यावी लागेल. खर्च खरा तिथे आहे.

१४ किलो पुरतील का? हिशेब करू. तुमचा ११.१ लिटरचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर २०७ बार दाबाला भरला की त्यात सुमारे २,३०० लिटर हवा असते. लिटरला साधारण १.२ ग्रॅम, म्हणजे पावणेतीन किलो. एवढं वजन बुडी सुरू होताना जास्त असतं आणि संपताना गेलेलं असतं. त्यामुळे हाच सिलिंडर समुद्रात भरलेला अर्धा-पाऊण किलो बुडतो आणि रिकामा झाला की जवळजवळ दोन किलो तरंगतो. दुसरी तूट वेटसूटची. त्यातले बुडबुडे दहा मीटरवर दाबून निम्म्याच्या आसपास होतात. पाच मिलिमीटरचा सूट पृष्ठभागावर चार-पाच किलो उचलत असेल तर खोलवर त्यातला मोठा भाग जातो. हवेचे पावणेतीन आणि सूटचे चार धरले तरी सात. १४ म्हणजे दुप्पट.

पण इथे खानदेशाची स्वतःची गोष्ट येते. तारकर्लीला तुम्ही शिकलात ते समुद्राच्या पाण्यात. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड. तुम्ही आणि तुमचं सामान मिळून शंभर लिटर पाणी बाजूला सारत असाल तर गिरणा धरणात किंवा विहिरीत उतरताना बुडण्यासाठी अंगाला बांधायचं शिसं अडीच किलो कमी लागतं. त्यात उन्हाळ्यात आपण पातळ सूट घालतो, आणि शेतात राबणारी, अंगावर चरबी नसलेली मुलं तशीही बुडतात. त्यांच्या पाठीला पावणेतीन किलोची स्टीलची प्लेट बांधली की कधी कधी शिसं शून्य असूनही माणूस जड असतो. विंग फाटली तर टाकून द्यायला काहीच नाही. अशा माणसाला मी ॲल्युमिनियमची प्लेट सांगतो. तीच मापं, वजन एक किलोच्या आत. तुमच्या चौघांत जो सर्वांत सडपातळ आहे त्याने स्टीलच्या प्लेटवर, भरलेल्या सिलिंडरसह, विंग पूर्ण रिकामी ठेवून तलावाच्या तळापासून नुसते पाय मारून वर यायचा प्रयत्न करावा. दमछाक न होता आला तर ठीक. नाही तर त्याच्यासाठी स्टील नको, आणि स्टीलचा सिलिंडर तर मुळीच नको.

विंग बसवताना उलटी-सुलटी पाहून घ्या. नळी डाव्या खांद्यावरून पुढे आली पाहिजे आणि ओढून हवा सोडायचा व्हॉल्व्ह खाली डाव्या कुल्ल्याजवळ. दोन्ही उजवीकडे आले तर विंग पालथी बसली आहे. नळी डाव्या खांद्याच्या डी-रिंगपाशी ट्यूबच्या रिंगेतून ओवा म्हणजे ती भरकटत नाही. ट्रॅक्टरच्या ट्यूबची रिंग कापून घ्या, सायकलच्या ट्यूबची पातळ पडते. नळी जिथे विंगला आणि बटणाच्या तोंडाला जोडली आहे तिथल्या प्लास्टिकच्या टाय हाताने खेचून पाहा. उन्हात ठिसूळ झालेली टाय तिथेच हातात येते.

कॅम बँड कोरडा आवळू नका. नायलॉन भिजला की सैल पडतो आणि पाण्यात शिरल्या शिरल्या सिलिंडर खाली घसरतो. बँड आधी पाच मिनिटं बादलीत ठेवा, ओला आवळा, मग प्लेटला वरून धरून सगळा संच उचला आणि हिसडा द्या. सिलिंडर बोटभर जरी सरकला तरी पुन्हा आवळा.

पहिली चाचणी पोहण्याच्या तलावात, छातीभर पाण्यात. विंग गच्च भरून रात्रभर ठेवा, सकाळी तशीच टणक असली पाहिजे. मग सिलिंडरमध्ये ५० बार उरले असताना, विंग रिकामी करून, तलावाच्या खोल बाजूला तीन मीटरवर स्थिर तरंगता येतं का पाहा. भरलेल्या सिलिंडरवर शिसं ठरवलंत तर बुडीच्या शेवटी तुम्ही वर फेकले जाल. त्याच वेळी आडवं होऊन, हालचाल थांबवून बघा. पाय खाली जात असतील तर सिलिंडर बँडमध्ये थोडा वर डोक्याकडे सरकवा, डोकं खाली जात असेल तर खाली. विंगला उभ्या ओळीत दोन-तीन भोकं असतात ती याचसाठी, विंगही एक भोक वर-खाली करता येते. तोल एका बैठकीत जमत नाही. मला माझा बसवायला चार खेपा लागल्या.

तलावानंतर स्वच्छ पाण्याची पायऱ्यांची विहीर, आणि सगळ्यात शेवटी गढूळ पाणी. विहिरीत उतरण्याआधी मोटारीचे तिन्ही फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा, दुसऱ्याच्या नाही. ज्या दोघांचं प्रशिक्षण झालं नाही त्यांना हा संच पाठीला बांधून पाण्यात उतरवू नका, मागून कितीही हाका येवोत. धुळ्याला राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे. मोठ्या पुराचं काम त्यांचं आहे, तहसीलमार्फत त्यांना बोलावलं जाऊ द्या.

वापरून झाल्यावर विंग आतून धुवायची. आपल्या काळ्या मातीचा गाळ पिठासारखा बारीक असतो, बटणात आणि हवा सोडण्याच्या व्हॉल्व्हच्या सिलिकॉनच्या गादीवर जाऊन बसतो. एक कण तिथे राहिला की विंग हळूहळू गळते. तोंडाच्या नळीतून तिसरा भाग स्वच्छ पाणी भरा, घुसळा, उलटी करून काढा, तीनदा. व्हॉल्व्ह खोलून गादी ओल्या कापडाने पुसा. ठेवताना थोडी हवा भरून टांगून ठेवा, म्हणजे आतली पिशवी चिकटत नाही. आणि पत्र्याच्या गोदामात ठेवू नका. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पत्र्याखाली रबर, टाय, कापडावरचा लेप सगळं भाजून निघतं, आणि शेतातल्या खोलीत उंदीर पिशवी कुरतडतात. घरात, माळ्यावर नाही, खालच्या खोलीत, लोखंडी पेटीत.

गोव्याची प्लेट आणि १४ किलोची विंग यांचा संच आधी पूर्ण करा, गावातली प्लेट नंतर. भोक पाडण्याआधी मला तीन मापं मिलिमीटरमध्ये कळवा: दोन्ही प्लेटच्या मधल्या भोकांतलं अंतर वर सांगितल्या रीतीने, विंगच्या रिंगांतलं अंतर, आणि गावातल्या प्लेटवर खालच्या भोकापासून खालच्या कडेपर्यंत किती धातू आहे ते. तिथे पन्नास मिलिमीटर तरी असेल तर खाली भोक पाडू. कमी असेल तर वरचं भोक वर न्यावं लागेल, आणि मग खांद्याच्या खाचांपासून किती अंतर राहतं ते पाहूनच हात घालू.